जुनं सोन्याचं ओमेगा घेतोय, पैसे द्यायच्या आधी काय काय बघू?

निशांत_३८

नमस्कार मंडळी. बाबांची पंचाहत्तरी दिवाळीनंतर आहे आणि आम्ही तिघा भावंडांनी मिळून त्यांना जुनं सोन्याचं मनगटी घड्याळ द्यायचं ठरवलंय. नवीन नको, कारण बाबांनी आयुष्यभर एचएमटी जनता वापरली, रोज सकाळी आंघोळ झाली की चावी देणार, त्यांना सेलवालं दिलं तर ते कपाटातच राहील हे आम्हाला माहितीय.

मुंबईतल्या एका डीलरकडे एक ओमेगा बघितलंय. चावीचं आहे, ऑटोमॅटिक नाही. सहाच्या जागी छोटा सेकंद काटा, क्रीम तबकडी, साइज ३४-३५ मिमी असेल. तो म्हणतो १९६० च्या आसपासचं आहे, १८ कॅरेट सॉलिड, मशीन ओरिजिनल, डायल एकदम मिंट. सांगतोय २ लाख ६५ हजार, रोख दिले तर १५ कमी पण मग बिल नाही. मागचं झाकण उघडून दाखवा म्हटलं तर म्हणाला धूळ जाते, सील जातं, घेणार असाल तरच उघडतो. मला सोन्यातलं शून्य कळतं आणि घड्याळातलं त्याहून कमी. काय बघू, कोणाला दाखवू, आणि हा भाव बरोबर आहे का?

टिकटिक_ठाणे

झाकण उघडत नसेल तर पुढचं काही बोलूच नका, उठा आणि चहा प्यायला जा. साठ वर्षांच्या ड्रेस वॉचला कसलं आलंय सील, आणि घड्याळवाला दिवसभर झाकणं उघडण्याचंच काम करतो. जुन्या सोन्याच्या घड्याळाचं आधार कार्ड झाकणाच्या आतल्या बाजूला असतं, बाहेरून बघून भलेभले फसतात.

आत काय बघायचं ते सांगतो. स्विस केस (म्हणजे घड्याळाची बाहेरची बॉडी) १८ कॅरेटची असेल तर ०.७५० किंवा १८के लिहिलेलं असतं आणि त्याच्या जवळ एक बारीक शिक्का असतो, बाईचं डोकं, तिला हेल्व्हेशिया म्हणतात. १४ कॅरेट असेल तर ०.५८५ आणि खारीचा शिक्का. १९९५ पर्यंत स्वित्झर्लंडमध्ये हेच शिक्के चालायचे, त्यानंतर सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं, म्हणजे १९६० च्या घड्याळावर कुत्रा दिसला तर काहीतरी गडबड आहे. शिक्का साध्या डोळ्यांनी दिसत नाही, लूप, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग लागतं, दहा पटीचं पुरतं. आणि फक्त झाकणावर असून भागत नाही, पट्टा जिथे लागतो त्या शिंगांच्या मागच्या बाजूला पण छोटा शिक्का असायला हवा. झाकण सोन्याचं आणि बॉडी दुसऱ्याच कशाची असा प्रकार होऊ शकतो, कारण झाकण बदलायला दोन मिनिटं लागतात.

आता जे लिहिलेलं नको ते. "प्लाके ओर", "मायक्रॉन", "गोल्ड फिल्ड", "गोल्ड कॅप", "आरजीपी", यातलं काहीही दिसलं तर ते सॉलिड नाही. १८के २० मायक्रॉन असं लिहिलेलं असतं तेव्हा डीलर बोट बरोबर मायक्रॉनवर ठेवून फक्त १८के दाखवतो. झाकणावर "आसिए इनॉक्सिडाब्ल" दिसलं तर ते झाकण स्टीलचं आहे, फ्रेंचमध्ये लिहिलंय म्हणून भारी समजू नका. अमेरिकन खिशातली घड्याळं बघाल तर त्यांच्या केसवर "वॉरंटेड २० इयर्स", "२५ इयर्स" असतं, लोकांना वाटतं व्वा काय गॅरंटी आहे, पण ती गॅरंटी वरचा पत्रा इतकी वर्षं झिजणार नाही याची होती, म्हणजे गोल्ड फिल्ड. अशी वर्षं छापायला तिकडे १९२४ मध्ये बंदी आली.

ओमेगाच्या बाबतीत अजून एक, साधारण १९६२ नंतरच्या रेफरन्स नंबरच्या, म्हणजे मॉडेलच्या नंबरच्या आधी दोन अक्षरं असतात. बीए म्हणजे पिवळं १८ कॅरेट सोनं, एसटी म्हणजे स्टील. आत एसटी आणि बाहेर पिवळं धमक असेल तर कोणीतरी नंतर पाणी चढवलंय. तुमचं १९६० चं असेल तर ही अक्षरं नसतीलही, घाबरू नका.

आणि हो, प्रत्येक अस्सल सोन्याच्या ओमेगावर बाईचं डोकं असेलच असं नाही. अमेरिकेत विकायच्या बऱ्याच घड्याळांच्या केसेस तिकडेच बनायच्या, त्यावर नुसतं १४के असतं. इंग्लंडचं पण वेगळं प्रकरण आहे, बर्मिंगहॅमकर आले की सांगतील.

पक्या_सदाशिव

रोख द्या, बिल नको, झाकण उघडणार नाही. अजून काय पुरावा पाहिजे बाबांनो. शिवाय २ लाख किंवा त्यावर रोख घेणं कायद्यानेच चालत नाही, २ लाख ५० रोख घेणारा माणूस उद्या तुम्हाला ओळखणार पण नाही.

सराफाची_सून

घड्याळातलं मला कळत नाही, सोन्याचं बोलते, कारण आमच्या दुकानात लोक घड्याळ घेऊन येतात आणि म्हणतात वहिनी जरा मशीनवर लावा ना, टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढून द्या. त्या मशीनवर आंधळा विश्वास ठेवू नका. ते एक्सरेचं मशीन धातूचा फक्त वरचा पापुद्रा बघतं, काही मायक्रॉन. अंगठीला, पाटलीला ठीक आहे, पण जुनं स्विस प्लेटिंग चांगलं २० मायक्रॉन जाड आणि तेही १८ कॅरेटच्या सोन्याचं असायचं, गोल्ड कॅप तर त्याहून कितीतरी जाड. मशीन बिचारं प्रामाणिकपणे ७५ टक्के दाखवतं आणि खाली पितळ नाहीतर स्टील असतं. तेच कसोटीचं, दगडावर हलकं घासलं तर वरचंच सोनं उतरणार, आणि खोल घासायला कोणी देणार नाही, देऊही नये.

खात्रीचा आणि घड्याळाला काही न करणारा उपाय म्हणजे पाण्यातलं वजन. घड्याळजीकडून मशीन, तबकडी, काच, चावी, पट्टा सगळं काढून घ्यायचं, नुसती केस आणि झाकण राहायला हवं. ते आधी हवेत तोलायचं आणि मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून तोलायचं, तळाला टेकू द्यायचं नाही आणि बुडबुडा चिकटलेला नको. समजा हवेत १२.४० ग्रॅम भरलं आणि पाण्यात ११.६०, तर फरक ०.८० चा. १२.४० ला ०.८० ने भागा, साडेपंधरा येतात. १८ कॅरेट पिवळं सोनं साडेपंधराच्या आसपास येतं, १४ कॅरेट तेराच्या जवळ, ९ कॅरेट अकराच्या जवळ, पितळ साडेआठ आणि स्टील आठ. या आकड्यांमध्ये इतकं अंतर आहे की थोडं इकडेतिकडे झालं तरी खोटं लपत नाही. फक्त काटा मिलिग्रॅमवाला हवा, किराणावाल्याचा नाही. कुठलाही ओळखीचा सराफ करून देईल, आमचे सासरे तर असं काही आलं की हातातलं गिऱ्हाईक सोडून बसतात.

डोळ्यांनी बघायचं असेल तर शिंगांची टोकं, झाकणाची कड आणि मनगटाला घासणारी मागची बाजू बघा. प्लेटिंग तिथूनच जातं आणि खालचा रंग दिसायला लागतो. सोनं सॉलिड असेल तर ते झिजतं, रंग बदलत नाही.

आणि मोडीचा हिशोब आधी करून ठेवा. वर धरलेले १२.४० ग्रॅम १८ कॅरेट म्हणजे शुद्ध सोनं ९.३० ग्रॅम, त्याला त्या दिवसाच्या २४ कॅरेटच्या भावाने गुणा, मोडीत देताना सराफ थोडी घट धरतो ती वजा करा. ही झाली सोन्याची किंमत. २ लाख ६५ मधून ती काढली की राहतात ते पैसे तुम्ही ओमेगाला देताय. पूर्ण घड्याळ तोलून "साहेब ३५ ग्रॅम आहे" म्हणणाऱ्याला हात जोडा, त्यात मशीन आहे, काच आहे, पट्टा पण आहे.

निशांत_३८

बापरे, एवढं सगळं! खूप खूप धन्यवाद. वहिनी, एक शंका, यावर आपला हॉलमार्क म्हणजे तो सहा अक्षरी एचयूआयडी असायला हवा का? डीलर म्हणाला हवा तर मारून देतो.

सराफाची_सून

नको. सक्तीच्या हॉलमार्किंगमधून घड्याळं आणि फाउंटन पेनं वगळलेली आहेत. म्हणजे एचयूआयडी नाही म्हणून सोनं खोटं असं अजिबात नाही. आणि साठ वर्षांच्या केसवर आज नवीन शिक्का मारून घेतलात तर घड्याळवाले लोक तुम्हाला फाडून खातील, बरोबर ना टिकटिक?

टिकटिक_ठाणे

फाडून खाण्याआधी रडतील.

बर्मिंगहॅमकर

टिकटिकने नाव घेतलं म्हणून आलो, नाहीतर नुसता वाचत होतो. निशांत, बजेट घड्याळाकडे बघून ठरवताय की घड्याळ बजेटकडे बघून? कारण वडिलांना सोन्याचं चावीचं घड्याळ द्यायचं एवढाच हेतू असेल तर इंग्लिश ९ कॅरेट बघा, पुष्कळ स्वस्त पडतात आणि तपासायला सर्वात सोपी.

इथे इंग्लंडमध्ये १९०७ पासून बाहेरून आलेल्या घड्याळाची केस पण सरकारमान्य 'असे ऑफिस'मधून, म्हणजे सोन्याची शुद्धता तपासणाऱ्या कचेरीतून, तपासून शिक्का मारून घ्यावी लागायची. म्हणून स्विस कंपन्या काय करायच्या, नुसती मशीनं पाठवायच्या आणि केस इथेच बनवून घ्यायच्या. आमच्या बर्मिंगहॅमच्या डेनिसनने ओमेगासाठी, रोलेक्ससाठी, अजून कितीतरी जणांसाठी केसेस बनवल्या, १९६७ मध्ये बंद पडेपर्यंत. झाकणाच्या आत एएलडी किंवा डेनिसन नाव, मग ९ आणि .३७५, मग शहराची खूण, बर्मिंगहॅम म्हणजे नांगर, लंडन म्हणजे बिबट्याचं डोकं, एडिंबरा म्हणजे किल्ला, आणि शेवटी एक अक्षर. ते अक्षर म्हणजे वर्ष. तक्ते फुकट मिळतात, अक्षराचा फॉन्ट आणि भोवतीच्या चौकटीचा आकार जुळवला की केस कुठल्या साली तपासली ते कळतं. मग मशीनच्या नंबरावरून त्याचं साल काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. केस १९५६ ची आणि मशीन १९५७ चं असेल तर काही नाही, केस १९५६ ची आणि मशीन १९७० चं असेल तर कोणीतरी आतलं बदललंय. हे स्विस केसमध्ये इतकं सरळ करता येत नाही.

अजून एक प्रकार म्हणजे कंपन्यांनी नोकरीची २५-३० वर्षं झाली म्हणून दिलेली घड्याळं, गॅरर्ड या लंडनच्या सराफाची वगैरे, मागे कोरलेलं असतं अमुक साहेबांना तमुक वर्षांच्या सेवेबद्दल. त्या कोरीव मजकुरामुळे भाव पडतो कारण लोकांना दुसऱ्याचं नाव नको असतं. माझं मत विचाराल तर ते कोरलेलं असणं चांगलं, तारीख आयती मिळते. आणि कोणी ते घासून काढलं असेल तर झाकण पातळ झालेलं असतं, बोटाने हलकं दाबलं तर आत जातं. तसलं घेऊ नका.

तोटा एकच, ९ कॅरेट म्हणजे ३७.५ टक्के सोनं. पुण्यातला सराफ ते हातात घेऊन "हे काय आणलंत" म्हणेल.

सराफाची_सून

म्हणणारच! पण आता आपल्याकडेही ९ कॅरेटला हॉलमार्किंग सुरू झालंय, तेव्हा फार नाकं मुरडायला जागा नाही राहिली.

जुनाबाजार_रविवार

सगळे सोन्याच्या मागे लागलेत, मशीन चालतं का ते कोणी विचारलं का? चावी पूर्ण भरा, भरताना खरखर नको, शेवटी नीट अडली पाहिजे. चावी ओढून काटे फिरवा, मधेच सैल किंवा मधेच घट्ट नको. मग टेबलावर आधी तबकडी वर, मग तबकडी खाली, मग उभं, असं तिन्ही प्रकारे टाइमिंग मशीनवर लावा. घड्याळजीकडे असतं, नसेल तर फोनमध्ये ॲप आहेत, कामचलाऊ सांगतात. चावी भरलेली असताना बॅलन्सचा, म्हणजे आत मागेपुढे फिरणाऱ्या चाकाचा, झोका २५०-२७० अंशांच्या पुढे असेल तर तब्येत चांगली, २०० च्या खाली असेल तर सर्व्हिसिंगचे पैसे भावातून वजा. दिवसाला पाच-दहा सेकंद पुढेमागे होणं काही नाही, पण उभं धरल्यावर दोन मिनिटं मागे पडत असेल तर बॅलन्सचं काम निघणार.

आणि ते "मिंट डायल" ऐकून मला हसू आलं. मुंबईत साठ वर्षं काढलेलं घड्याळ आणि डायल मिंट? मुंबईच्या पावसाळ्यात माणसाला बुरशी येते.

टिकटिक_ठाणे

हेच लिहायला परत आलो होतो. निशांत, सोनं खरं निघण्याची शक्यता आहे, डायल खरी निघण्याची शक्यता फार कमी आहे. आपल्याकडे डायल परत रंगवून, नव्याने छापून देणं हा जुना धंदा आहे, बाहेरच्या देशात तर असल्या घड्याळांना "बॉम्बे डायल" म्हणूनच ओळखतात. वेस्ट एंड, फेवर ल्यूबा, ओमेगा, सगळ्यांच्या झाल्यात. काही लोक मुद्दाम निळ्या-लाल भडक डायल करतात, त्या लगेच कळतात. क्रीम डायल अवघड असते.

लूप लावून सहाच्या खाली अगदी कडेला "स्विस मेड" आहे का बघा, परत छापताना ते बऱ्याचदा गळतं किंवा वर सरकतं. मिनिटांच्या रेघा बघा, पाच-पाच मिनिटांची रेघ तिथल्या सोनेरी खुणेच्या बरोबर मध्यावर यायला हवी. छोट्या सेकंदाच्या गोलातल्या रेघा एकमेकींना नीट भेटतात का, की एक रेघ जराशी कलंडलीय. ओमेगा या अक्षरांच्या कडा धारदार हव्यात, शाई फुटल्यासारखी नको. तबकडीच्या कडेला एखादी बारीक खाच दिसली तर तीही शंकेची, परत छापणारे दिशा जुळवायला कधीकधी खाच करतात. आणि काटे बघा, तबकडी गोरीपान आणि काट्यांवर मात्र साठ वर्षांचे काळे ठिपके असतील तर त्या दोघांचं वय एक नाही.

सर्वात मजेशीर प्रकार मी एका प्रदर्शनात हातात घेऊन बघितलाय, तबकडीवर ठसठशीत "ऑटोमॅटिक" आणि आत चावीचं मशीन. विकणारा म्हणे, ऑटोमॅटिक बंद पडलंय म्हणून चावी द्यावी लागते.

जुनाबाजार_रविवार

डायल परत छापलेली असेल ही गोष्ट मान्य, पण मी म्हणतो असली तर असली. पंचाहत्तरीला बाबांना द्यायचंय, म्युझियमला नाही. ओरिजिनल डायल म्हणजे डाग पडलेली, अर्धी पिवळी, मिनिटं दिसत नाहीत अशी. पंचाहत्तरीच्या माणसाला वेळ दिसली पाहिजे हो. नीट केलेली डायल वाईट नसते.

टिकटिक_ठाणे

वाईट नसते, पण मग "ओरिजिनल मिंट" म्हणून विकायची नसते. भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. रंगवलेली आहे हे माहीत असून कमी पैशात घेतली तर माझं काही म्हणणं नाही, मी फक्त नवीन रंगाचे पैसे जुन्या रंगाच्या भावाने द्यायच्या विरोधात आहे.

जुनाबाजार_रविवार

तुमचं कलेक्टर लोकांचं असंच असतं, घड्याळ बघायचं सोडून रेघा मोजत बसता.

बर्मिंगहॅमकर

भांडू नका रे. रेघा मोजणारे पण फसतात. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकच्या वर गेलं, घेतलं कोणी तर ओमेगानेच, स्वतःच्या म्युझियमसाठी. आणि २०२३ मध्ये कंपनीनेच जाहीर केलं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जोडून केलेलं होतं. ते स्टीलचं होतं ही गोष्ट वेगळी.

पक्या_सदाशिव

म्हणजे ज्यांनी बनवलं त्यांनाच कळलं नाही, आणि निशांत आपल्याला फोटोवरून विचारतोय 😂

निशांत_३८

अपडेट देतो. डीलरला सांगितलं की झाकण उघडणार, वजन करणार, जमत असेल तर येतो नाहीतर राहू द्या. एकदम नरम झाला, म्हणाला तुमचा माणूस आणा. दादरच्या एका म्हाताऱ्या घड्याळजींना घेऊन गेलो (टिकटिक, तुम्ही व्यक्तिगत निरोपात नाव दिलंत त्याबद्दल आभार).

झाकणाच्या आत ओमेगा, ०.७५०, आणि ते बाईचं डोकं, लूपमधून स्वच्छ दिसलं. शिंगाच्या मागे पण शिक्का आहे पण पुसट, घड्याळजी म्हणाले दोन-तीन वेळा तरी पॉलिश झालंय, शिंगांच्या कडा गोल झाल्यात बघा. मशीन २६९ नंबरचं, १७ ज्वेल, नंबर आठ आकडी, १७ ने सुरू होतो. झोका २३५. सगळं खोलून केस आणि झाकण तोललं, हवेत ११.८६ आणि पाण्यात ११.०९. फरक ०.७७, भागाकार १५.४.

डायल मात्र परत छापलेली. "स्विस मेड" नाहीच, आणि चारची खूण रेघेच्या डाव्या बाजूला गेलीय, एकदा दिसल्यावर आता तेवढंच दिसतं. चावीवर ओमेगाची खूण नाही, काच पण साधी आहे. घड्याळजी म्हणाले ओरिजिनल प्लास्टिक काचेच्या बरोबर मध्यभागी आतून एवढीशी ओमेगाची खूण असते, ती नाही.

डीलर म्हणतो सोनं खरं निघालं ना मग, २ लाख ५५ फायनल. काय करू?

टिकटिक_ठाणे

१७ ने सुरू होणारा आठ आकडी नंबर म्हणजे १९६० च्या आसपासच, २६९ त्या काळात बसतं. हे ओमेगाच्या ३० मिमी मशीनच्या घराण्यातलं शेवटच्या पिढीतलं, या घराण्याची तीसेक लाख मशीनं बनली, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि कुठलाही जाणता घड्याळजी डोळे मिटून खोलतो. वडिलांना रोज वापरायला याहून चांगलं मशीन शोधून सापडणार नाही. तेव्हा घड्याळ म्हणून घ्यायला हरकत नाही, भाव मात्र नाही. डायल, चावी, काच तिन्ही ओरिजिनल नाहीत, पॉलिश झालेलं आहे, सर्व्हिसिंग करावं लागणार आहे. डायल खरी असती तर त्याच्या आकड्याच्या जवळपास तरी गेलो असतो.

सराफाची_सून

११.८६ चे तीन चतुर्थांश म्हणजे ८.९० ग्रॅमच्या आतबाहेर शुद्ध. त्याला आजचा भाव लावा, हा तुमचा तळ. त्याच्या खाली तो देणार नाही कारण मोडीत घालून त्याला तेवढे कुठेही मिळतात. हल्ली भाव इतका वर गेलाय की डायल खराब असलेली चांगली चांगली घड्याळं केस काढून मोडीत जातायत आणि मशीनं सुटी विकली जातायत, जिवावर येतं बघताना. तळाच्या वर किती द्यायचे ते टिकटिक सांगतील, पण तळ आणि २ लाख ५५ मधलं अंतर त्याला मोठ्याने वाचून दाखवा, कॅल्क्युलेटर समोर ठेवून. सोन्याच्या धंद्यातल्या माणसाशी आकड्यात बोललं की तो पटकन खाली येतो.

बिल घ्याच. बिलावर १८ कॅरेट, केसचं वजन, मशीनचा नंबर आणि "डायल रिफिनिश्ड" एवढं लिहून घ्या. आणि पैसे बँकेतून.

निशांत_३८

झालं! २ लाख १० ला तुटलं. कॅल्क्युलेटर खरंच समोर ठेवला, वहिनी 🙏 बिलावर डायल रिफिनिश्ड लिहायला जरा कुरकुर केली पण लिहिलं. घड्याळ आता दादरलाच सर्व्हिसिंगला आहे. बहीण म्हणतेय बाबांना द्यायच्या आधी पॉलिश करून एकदम नव्यासारखं करून घेऊ. करू का?

टिकटिक_ठाणे

अजिबात नको!! आधीच दोन-तीनदा झालंय, अजून एकदा केलं तर तो शिंगामागचा पुसट शिक्का पण जाईल, आणि सोनं जातं ते वेगळंच. मऊ कापडाने पुसा, बस. बाबांना फक्त एवढं सांगा की हे जनता नाही, पावसात आणि हात धुताना काढून ठेवायचं. चावी अडली की थांबायचं, ते त्यांना सांगायची गरज नाही म्हणा. पट्टा चामड्याचा साधा घ्या, शिंगांमधलं अंतर मोजून, मोठा पट्टा कोंबून बसवला तर सोनं मऊ असतं, शिंगं फाकतात.

मेघना_नाशिक

इथेच विचारते, चालेल ना? आईकडे तिच्या मावशीचं लेडीज घड्याळ आहे, इवलंसं, आणि पट्टा पण सोन्याचाच आहे, जाळीचा. चालत नाही. एक जण म्हणाला घड्याळाला शून्य किंमत आहे, वजनावर देऊन टाका. द्यावं का?

सराफाची_सून

घाई करू नका. असल्या लेडीज घड्याळात जास्त सोनं केसमध्ये नसतं, पट्ट्यात असतं, म्हणून आधी पट्ट्याचा शिक्का वेगळा शोधा, फाश्याच्या जिभेवर किंवा शेवटच्या कडीच्या आत असतो. पट्टा नंतर कोणीतरी बसवलेला असू शकतो, मग केस १८ ची आणि पट्टा १४ चा किंवा ९ चा असंही निघतं. दोघांचा टंच वेगळा काढायचा, एकच आकडा दोघांना लावू देऊ नका. जाळी पट्टा दोन बोटांत धरून आडवा करा, मधेच मोडल्यासारखा लोंबला तर कड्या झिजल्यात. आणि ओढून ताणला जाणारा पट्टा असेल तर त्याच्या आत स्टीलच्या स्प्रिंगा असतात, वरचं सोनं पातळ पत्र्याचं, तेव्हा पूर्ण वजन सोन्याचं धरून कोणी भाव सांगत असेल किंवा उलट सगळंच खोटं म्हणत असेल, दोन्ही ऐकू नका. झाकणाच्या आत काय लिहिलंय आणि तबकडीवर नाव कुठलं आहे त्याचा फोटो टाका, मग बोलू. सध्या घड्याळजीला चालू करायला किती लागतील ते फक्त विचारून ठेवा.